झाकणाच्या आतला अंगठा

आता सांगायला बसलोय, पण आठवलं तरी डोकं तापतं. आणि तापावं कुणावर, हीच तर पंचाईत!

सोलापुरातल्या आमच्या कॉलेजात फिजिक्सची लॅब आहे. न्यूट्रिनो नावाचा एक कण असतो, त्याचं वजन जगात कुणालाच नीट माहीत नाही. ते मोजायला हायड्रोजनचे सुटे अणू लागतात. पण ते मेले कायम जोडीनं फिरणार! ती जोडी फोडणारी तापती नळी आम्ही बनवली होती. ती जर्मनीला जाणार आणि चालवायला माझी विद्यार्थिनी विद्या सोबत जाणार. वैरागची पोरगी, पासपोर्ट काढून तयार. अट एकच, नळीची पेटी आतून लख्ख हवी.

आणि तपासणीच्या यंत्रावर पेटीत तेल दिसायला लागलं. तेल!

पेटीतली हवा उपसणारा पंप पुण्याचा. त्या पंपवाल्याला मी फोनवर असा झापला, की दुसऱ्या दिवशी तो लॅबमध्ये हजर. म्हणाला, हा कोरडा पंप आहे, ह्यात तेलच नसतं. मग मी आमच्या शिपाई शंकरमामांवर घसरलो. तिथून विद्यावर.

"हातमोज्याशिवाय तूच हात लावला असशील. जर्मनी रद्द."

पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण मी ऐकतोय होय!

पेटी उघडली. झाकणाच्या आतल्या बाजूला तेलकट अंगठा उमटलेला, मधोमध आडवी चीर. मी कडाडलो, सगळ्यांनी अंगठे दाखवा. शंकरमामांनी दाखवला, विद्यानं दाखवला, पंपवाल्यानंसुद्धा दाखवला. एकाच्याही अंगठ्यावर चीर नाही.

"सर," विद्या हळूच म्हणाली, "तुमचा राहिला की."

विळीनं कापल्याची खूण माझ्या अंगठ्यावर लहानपणापासून आहे, मला काय माहीत नव्हतं? पण रागाच्या भरात ध्यानात कुठं होतं! मग सगळं आठवलं. त्या दिवशी मी भाकरी अन् शेंगाचटणीचा डबा अर्धा टाकून उठलो होतो, कारण विद्या झाकण लई सावकाश बसवत होती. "असं धरायचं असतं" म्हणत तिच्या हातातून हिसकावून मीच बसवलं. आमच्या चटणीचं तेल काय नुसती बोटं चाटून जातं?

झाकण धुतलं, भट्टीत भाजून कोरडं केलं, नळी चालली. विद्या जर्मनीला गेली. जाताना दारावरची माझी पाटी बदलून गेली. आधी तिथं होतं, 'हातमोजे घालूनच यंत्राला हात लावावा.'

आता आहे, 'सरांनी हातमोजे घालूनच चिडावे.'