गोठ्याच्या गल्लीतलं विरजण

आधीच सांगून ठेवते, हे असले अनुभव मी चहाबरोबर वाचते आणि हसते. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे मी. आमच्याकडे एखादा पार्ट रिजेक्ट झाला की 'का?' असं पाच वेळा विचारायची पद्धत आहे. पाचव्या 'का'पर्यंत खरं कारण हाती लागतंच. त्यामुळे भास, संकेत, भुतंखेतं यातलं काही मी कधी मानलं नाही... आजही मानते असं नाही. पण गेल्या उन्हाळ्यात जे घडलं, त्यात मी दुसऱ्या 'का'च्या पुढे सरकलेली नाही.

पुणे-नाशिक हायवेने मोशी सोडून कुरुळीकडे निघालं की एके ठिकाणी पुलाचे खांब लागतात. खाली टेम्पो लावलेले असतात. तिथेच आमची गल्ली होती — गोठ्याची गल्ली. गावातल्या जुन्या घरच्या हिराकाकूंनी आपल्या गोठ्याच्या भोवतीनं पत्र्याच्या खोल्या बांधून भाड्याने दिल्या होत्या. मधे म्हैस आणि भोवती अख्खा देश! आम्ही लातूरकडचे, बाबा कंपनीत हेल्पर. भिंतीला भिंत लागून केरळच्या लिली आंटी, नर्स होत्या. समोर रुखसानाचाची, मशीनवर साड्यांना फॉल लावायच्या. भाषा म्हणाल तर सगळ्यांची मिळून एक खिचडी होती आणि ती सगळ्यांना पचायची.

आणि गल्लीचं दही एकच होतं. म्हणजे विरजण एक. कुणाचं संपलं की शेजारून वाटीभर आणायचं. हिराकाकू ऐटीत सांगायच्या, "माज्या म्हशीचं इरजण हाय त्ये. कुटं बी जावा, असं गावायचं न्हाई." दही मागायची कुणाला लाज नव्हती, लाज होती ती वाटी रिकामी परत करायची. तिच्यात चटणी घाला, शेवया घाला, अगदीच काही नसेल तर चिमूटभर साखर घाला. पण रिकामी वाटी कुणी कुणाच्या हातात दिली नाही.

मग हायवे रुंद करायचं ठरलं. खोल्यांवर लाल रंगाच्या खुणा झाल्या. भाडेकरूंना कोण विचारतो! खोल्या पाडायच्या आदल्या दिवशी आईने घरोघर खीर दिली. लिली आंटींकडे गेली ती आईची लग्नातली वाटी, 'सौ. सुमन' असं नाव टाकलेली. दुसऱ्या दिवशी जेसीबीच्या धुळीत कोण कुठल्या टेम्पोत चढलं ते कळलंसुद्धा नाही. आंटी टेम्पोतून ओरडत होत्या, "सुमन, तेरी वाटी रह गयी!" आई रडत रडत म्हणाली, "राहू दे गं!" आंटी तिकडे कोट्टायमजवळ आपल्या गावी गेल्या. हिराकाकू पुढे दोनेक वर्षांत वारल्या. रुखसानाचाची कुठे गेल्या, कुणालाच ठाऊक नाही.

आम्ही काळेवाडीत फ्लॅट घेतला. लिफ्ट आहे, दारं बंद असतात. सामानाच्या गडबडीत आमचं विरजण सांडलं होतं आणि तेव्हापासून आईचं दही कधी धड लागलंच नाही. कधी तार सुटायची, कधी नुसतं पाणी. विकतचं आणलं तर म्हणायची, "ही खळ आहे, दही नाही."

गेल्या उन्हाळ्यात आईला टायफॉइड झाला. ताप उतरला, पण अन्नावरची वासनाच उडाली. पेज नको, वरण नको. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर ॲडमिट करून नळीने द्यावं लागेल. बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच. मी फार घाबरले होते. त्या दिवशी सकाळी कामावर निघताना मी चिडून विचारलं, "आई, तुला हवंय तरी काय?" ती म्हणाली, "दहीभात. पण आपल्या गल्लीतला."

पहिली शिफ्ट सुटली. कंपनीची बस नेहमीप्रमाणे त्या पुलाच्या खांबांपाशी ट्रॅफिकमध्ये अडकली. डोकं उन्हानं भणभणत होतं. घरी लवकर पोचायला हवं होतं, म्हणून मी उतरले आणि पलीकडे रिक्षा मिळेल या हिशोबाने पुलाखालून निघाले.

सावलीत शिरले आणि गार वाटलं. शेण सारवल्यावर येतो तसा ओला वास आला. मग खोबरेल तेलात कढीपत्ता तडतडल्याचा. मी चालत होते... हॉर्नचे आवाज मागे मागे जात होते, दुसऱ्या गावातले असल्यासारखे. मशीन चालल्याचा आवाज आला. पाहिलं तर रुखसानाचाची मान खाली घालून फॉल लावत होत्या. म्हैस रवंथ करत होती. पत्र्यांवरून ऊन घरंगळत खाली आलं होतं. खरं सांगते, मला जराही आश्चर्य वाटलं नाही. शाळेतून घरी यावं तसं वाटत होतं.

लिली आंटी दारात उभ्या होत्या. अंगात गाऊन, खांद्यावर टॉवेल. केस मात्र पूर्ण पांढरे. केळीच्या पानाचा तुकडा दोऱ्याने बांधलेली वाटी त्यांनी माझ्या हातात दिली.

"सुमन को देना. हिलाना मत, सांडेल."

"आंटी, तुम्ही कधी आलात?"

"धूप है, जल्दी जा. वो भूखी है."

मी दोन्ही हातांनी वाटी धरून निघाले. ऊन तोंडावर आलं आणि एकदम हॉर्न, धूर, रिक्षावाला — "काळेवाडी का ताई?" मागे वळून पाहिलं तर खांब आणि टेम्पो. हातात मात्र वाटी होती. पान हिरवंगार.

घरी पोचल्यावर मी नुसती वाटी आईपुढे केली. तिने दोरा सोडला, पान बाजूला केलं, बोट बुडवून चाटलं. मग वाटी फिरवून नावावरून अंगठा फिरवला. बराच वेळ. मग म्हणाली, "भात टाक."

तिने भात खाल्ला. निगुतीने, बोटं चाटून. मी ओट्याला टेकून रडत होते आणि ती मला म्हणते, "सगळं वाढू नको, विरजणाला ठेव."

संध्याकाळी मी कोट्टायमला फोन लावला. नंबर होता, पण सणासुदीच्या मेसेजपलीकडे बोलणं नव्हतं. आंटींच्या मुलीने उचलला. म्हणाली, मम्मी दुपारी जेवून झोपली ती उठल्यापासून सारखी फळीवर काहीतरी शोधतेय, एक छोटी वाटी आहे म्हणे. तेवढ्यात आंटींनी फोन ओढून घेतला. दह्याचा विषय मी अजून काढलाही नव्हता.

"सुमन ने खाया?"

मी 'हो' म्हटलं. मग विचारलं, "आंटी, इतकी वर्षं वाटी का नाही पाठवली?"

"खाली कैसे भेजती?" त्या म्हणाल्या. जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारलं होतं.

वाटी का आली, तर परत करायची होती म्हणून. हा झाला पहिला 'का'. दुसऱ्याशी मी थांबलेय. पुलाखाली त्यानंतर किती वेळा गेले! डिझेलचा वास येतो, बाकी काही नाही. ऊन, दमणूक, काळजी, सगळं धरून पाहिलं. पण वाटी आमच्या मांडणीवर येऊन बसली आणि तिच्यातल्या विरजणाचं दही रोज लागतंय, सुरीने कापावं असं घट्ट. आईला यात उलगडायचं असं काही वाटतच नाही. "लिली तशी विसरायची नाही," एवढंच ती म्हणते.

आता ती हिंडतेफिरते. मागच्या आठवड्यात समोरच्या बंद दाराची बेल वाजवून आली. बिहारकडचं जोडपं आहे, नवऱ्याला तळवड्यात नोकरी. तोवर आम्हाला त्यांचं नावही ठाऊक नव्हतं. आई त्यांना वाटीभर विरजण देऊन आली — वाटी तीच, नावाची. मी हबकलेच. चार दिवस झाले तरी वाटी आली नाही, तेव्हा मी म्हटलं, "जाऊन मागून आणू का?"

"थांब जरा," आई म्हणाली. "रिकामी द्यायला लाजत असेल पोरगी."