वारा म्हणजे चढ

आजी एकदा एकटीच इटलीत जाऊन डोंगरातल्या रस्त्यांवर सायकल चालवून आली, असं तुमच्या आईने तुम्हाला सांगितलं, आणि तुम्ही दोघांनी फोनवर एकदम विचारलंत, "रिअली, आजी?" बरंचसं खरं आहे. पण तुमची आई सांगते त्यात मी फार शूर दिसते आणि तुमचे आजोबा मुळीच दिसत नाहीत. म्हणून जे झालं ते क्रमाने लिहून ठेवते.

तेव्हा आम्ही सौदी अरेबियात जुबैलला राहत होतो. आखून वसवलेलं, कारखान्यांचं शहर. तुमची आई पुण्याला हॉस्टेलवर होती, म्हणजे घरात आम्ही दोघंच. कंपनीच्या कंपाउंडमध्ये घर, कंपाउंडभोवती दोन पुरुष उंचीची भिंत, एक फाटक, फाटकावर पहारेकरी. भिंतीच्या आतून एक गोल रस्ता जायचा. एक फेरी अकराशे मीटरची. मी मोजली होती. या रस्त्यावर बाईने सायकल चालवली तर कुणी काही म्हणत नसे. फाटकाबाहेर बाईला सायकलही नाही आणि गाडीही नाही. बाजाराला जायचं तर मंगळवारची बस, नाहीतर आजोबांची सुट्टी.

सायकल माझी नव्हती. शेजारी एक इटालियन बाई राहायची, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी, उन्हाने रापलेली, मोठ्याने हसणारी. तिच्या नवऱ्याचं काम संपलं आणि ती दोघं कायमची परत गेली. जाताना तिने मला सायकल दिली आणि एक पुस्तक दिलं. ती मार्के नावाच्या प्रांतातली. इटलीच्या त्या टेकड्यांच्या भागातल्या शांत, गाड्या फारशा न फिरकणाऱ्या रस्त्यांवरून सायकलने कसं जावं, याचं ते पुस्तक होतं. मजकूर इटालियन, पण प्रत्येक नकाशावर तिने माझ्यासाठी पेन्सिलने इंग्रजीत लिहिलं होतं. इथे पाणी पिण्याजोगं आहे. इथे कुत्रा सुटा असतो, थांबू नकोस. सोमवारी या गावात कॉफी मिळत नाही.

"मे महिन्यात ये," ती म्हणाली. "दहा दिवस. सगळा रस्ता आपण मिळून करू. जूनमध्ये माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. त्यानंतर मी तुला चढावर सोबत देईन असं वचन देत नाही."

म्हणजे जायचं तर त्याच मे महिन्यात.

मी लगेच वही केली. तुम्हाला माझ्या वह्या माहीत आहेत. दहा दिवस, दहा पानं. रोजचं अंतर, चढ, उतार, पाणी, जेवण. संध्याकाळी पाच वाजता मी सायकल काढायची आणि गोल रस्त्यावर त्या त्या दिवसाचं अंतर पुरं करायची. सव्वीस किलोमीटर म्हणजे चोवीस फेऱ्या. कंपाउंडमधल्या बायका बाकावर बसून मोजायच्या. "मॅडम आज कुठवर पोचल्या?" एक केरळी बाई विचारायची. "चर्चपर्यंत," मी ओरडून सांगायची.

अडचण एकच होती, जुबैलमध्ये चढ नाही. सगळं शहर ताटासारखं सपाट. पण उत्तरेचा वारा आहे, वाळू घेऊन येणारा. तो समोरून आला की पाय जड होतात, मान खाली जाते. मी ठरवलं, वारा म्हणजे चढ. वहीत चढ असेल त्या दिवशी वारा असताना निघायचं, आणि उतार असेल त्या दिवशी वारा पडल्यावर.

मी वीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला होता, त्यामुळे नकाशा वाचण्यात माझी चूक होईल हे माझ्या मनातही आलं नाही. चिपळूणला आमच्या मिशनच्या शाळेत ज्या बाईंनी मला नकाशा शिकवला, त्यांच्याकडे इंग्रजी पद्धतीचे नकाशे होते. त्यांत रस्त्यावर बाण असला की तो उताराकडे रोखलेला. बाणाच्या टोकाकडे गेलं की खाली. मी तसंच शिकले, तसंच शेकडो मुलांना शिकवलं. जानेवारीत एकदा फोनवर मी शेजारणीला अभिमानाने माझं वेळापत्रक वाचून दाखवलं. तिसरा दिवस, सकाळी आठ किलोमीटर सोपा उतार.

पलीकडे ती मोठ्याने हसली. "अगं, तो उतार नाही! आमच्याकडे बाण चढ दाखवतो. टोक वर!"

चार महिने मी इटली उलटी चालवत होते. जिथे चढ होता तिथे आराम केला होता आणि जिथे उतार होता तिथे वाऱ्याशी झुंजले होते. आजोबांना सांगितलं तर चहा त्यांच्या नाकातोंडात गेला. "तुझ्या विद्यार्थ्यांपैकी किती जण दरीत पडले असतील?" मी वहीची दहाही पानं पुन्हा लिहिली.

आता दुसरी बाजू. तीच वर्षं सौदीकरणाची होती. सरकारने प्रत्येक कंपनीला रंग दिला होता. पुरेसे सौदी कामावर असतील तर हिरवा, कमी असतील तर पिवळा, अगदीच नसतील तर लाल. पिवळ्या कंपनीतल्या जुन्या परदेशी माणसांचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, पुन्हा वाढवून मिळेना. लोक भेटले की प्रकृती विचारायच्या आधी विचारायचे, "तुमची कंपनी कोणत्या रंगात?" आमची पिवळ्यात गेली होती. आजोबांच्या इकाम्याला तेव्हा आठ महिने उरले होते आणि त्यांना सांगण्यात आलं होतं की आपलं काम एका सौदी इंजिनिअरला शिकवा.

सौदीतून नुसतं तिकीट काढून बाहेर पडता येत नसे. जायची आणि परत यायची परवानगी लागे, आणि ती कफील देई. कफील म्हणजे ज्याच्या नावावर तुम्ही त्या देशात आहात तो. ही परवानगी हातात असल्याशिवाय इटलीच्या व्हिसाचा अर्जही घेत नसत. फेब्रुवारीपासून मी रोज विचारू लागले.

"अहो, कफीलकडे विषय काढलात का?"

"काढला. बुकरा म्हणाले." बुकरा म्हणजे उद्या.

"काल पण बुकराच म्हणाले होते."

"त्यांच्याकडे रोजच उद्या असतो. मी काय करू?"

मी कंपनीला शिव्या घालत होते. तुमच्या आजीला येतात तेवढ्या सभ्य शिव्या. फेऱ्या मारत होते, पण त्या दिवसांत मला भिंत फार दिसायला लागली. आधी ती नुसती असायची. आता प्रत्येक वळणावर तोच पाण्याचा पंप, तीच वाळलेली बोगनवेल, तोच पहारेकरी हात वर करणार. चोवीस वेळा. एकदा मधेच सायकलवरून उतरले आणि घरी जाऊन दिवसा पडदे ओढून बसले.

आजोबांकडून काम शिकणारा तो सौदी इंजिनिअर पस्तिशीचा होता, दोन मुलांचा बाप, अतिशय अदबशीर. कारखाना दुरुस्तीसाठी बंद करायचा तर कोणती झडप आधी, कोणती नंतर, हे सगळं आजोबांनी पंचवीस वर्षं हाताने लिहून ठेवलं होतं. त्या वह्या समजून घ्यायला तो कधीकधी घरी यायचा. मार्चच्या शेवटी एका दुपारी मी चहा आणि भजी ठेवली आणि राहवलं नाही म्हणून त्याला म्हणाले, "तुम्ही तरी ऑफिसात बोला. दोन महिने झाले, कफील मला जायची परवानगी देत नाही."

त्याने आजोबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याला वाटलं मी थट्टा करते आहे.

"पण मॅडम, तुमचा कफील कंपनी नाही. कंपनी यांची कफील." त्याने हातातल्या भज्यानेच आजोबांकडे खूण केली. "तुमचे कफील हे. हे घरी बसून कम्प्युटरवर देतात. पाच मिनिटं."

आजोबा वहीत बघत होते. पान उलटत नव्हते.

त्या बिचाऱ्याच्या लक्षात आलं. चहा अर्धा टाकून, उद्या येतो म्हणून तो उठला. तो गेल्यावर मी बशा गोळा केल्या, धुतल्या, पुसल्या, जागेवर ठेवल्या. मग बाहेर येऊन विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"आणि ते बुकरा?"

"मी ऑफिसात कुणाला विचारलंच नाही."

इतकी वर्षं सगळे कागद कंपनीचा माणूस करून आणायचा, म्हणून मला कधी कळलं नव्हतं की मी कंपनीच्या नाही, नवऱ्याच्या नावावर त्या देशात आहे. मला राग आला असं लिहिणं सोपं आहे. खरं तर मला लाज वाटली, आणि का ते आजही नीट सांगता येत नाही.

"तू गेलीस आणि मधेच माझं काही झालं, इकामा अडकला, तर तू बाहेर आणि मी आत," ते म्हणाले. मग खरं ते बाहेर आलं. "दिवसभर मी त्या माणसाला माझी खुर्ची कशी वापरायची ते शिकवतो. चांगला आहे तो, भरभर शिकतो. मग घरी येतो. घरी तूही नसलीस तर मी इथे बसून काय करू?"

"हे तुम्हाला मला सांगता आलं असतं."

"तू थांबली असतीस."

"हो. थांबले असते."

"म्हणूनच नाही सांगितलं. माझ्यासाठी थांबलीस, हे मला रोज बघावं लागलं असतं," ते म्हणाले. ते मला तेव्हा अजिबात पटलं नाही. आता थोडं पटतं.

मी खुर्ची ओढून कम्प्युटरसमोर बसले. "लॉग इन करा, कफीलसाहेब."

"किती दिवसांची टाकू?"

"साठ."

"दहा दिवसांच्या सहलीला साठ?"

"साठ."

त्यांनी साठ टाकले. व्हिसाच्या कामाला अल-खोबरला त्यांनीच मला गाडीतून नेलं, दोनदा.

मे महिन्यात मी मार्केला पोचले. पहिल्या दिवशी सकाळी शेजारीण पुढे आणि मी मागे, असे आम्ही निघालो. खडीचा पांढरा रस्ता टेकडीच्या पाठीवरून जात होता, दोन्ही बाजूंना हिरवा गहू आणि त्यात लाल फुलं. तासाभरात तीन वाहनं दिसली: पावाची गाडी, एक ट्रॅक्टर, आणि पत्रं वाटणाऱ्या बाईची स्कूटर. प्रत्येक टेकडीच्या माथ्यावर एक गाव, गावाला जुनी तटबंदी, पण तिचा दरवाजा उघडा आणि कुणी हात वर करायला नाही. पहिला मोठा चढ मी निम्मा चालत चढले. वारा म्हणजे चढ हे खरं नाही. वारा कधीतरी पडतो.

सातव्या दिवशी एका गावाच्या चौकात बाटलीत पाणी भरत होते तेव्हा आजोबांचा फोन आला.

"कंपनीने हिशेब मिटवला. मला कायमचं जायचं आहे," ते म्हणाले. "पण तू परवानगीवर बाहेर आहेस. तू परत येईपर्यंत, नाहीतर ते साठ दिवस उलटेपर्यंत, मला निघता येणार नाही असं ऑफिसात म्हणतात."

"म्हणजे तुम्ही माझ्यामुळे अडकलात."

"हो. गंमत आहे." ते हसले नाहीत. "घर चार दिवसांत रिकामं करायला सांगितलंय. सामान मी बांधतो. तू तुझं पूर्ण कर."

"उद्याचं विमान मिळेल मला."

"पूर्ण कर म्हणालो ना."

शेजारणीने विचारलं काय झालं, मी सांगितलं. ती आपला गुडघा चोळत बसली. तीन दिवस उरले होते आणि त्यांत सगळ्यात उंच गाव होतं. तिकडे आजोबा खोक्यांमध्ये एकटे बसले होते, आणि यावेळी दार माझ्या हातात होतं. तुमची आई म्हणते, आजोबांनीच सांगितलं म्हणून आजी थांबली. तसं नाही. ते "ये" म्हणाले असते तरी मी गेले असते की नाही, मला माहीत नाही. पुढचे तीनही दिवस सकाळी उठल्यावर मी स्वतःला विचारलं, आज परत निघावं का, आणि तीनही दिवस नीट विचार करून सायकलवर बसले.