छंदाला शिक्षण म्हणायचं का?

बंगळुरातल्या हेब्बाळच्या तळ्यावरची पौषातली सकाळ तुम्ही कधी हुंगली आहे का? ओल्या शेवाळाचा, निलगिरीच्या पानांचा आणि टपरीवरल्या उकळत्या कॉफीचा असा काही संमिश्र गंध धुक्यात भरून राहायचा की कचेरीतल्या सहा दिवसांचा शीण जागीच उतरावा! नव्वदच्या दशकात दर रविवारी आम्ही सात-आठ जण तिथे पक्षी पाहायला जमत असू. आमचे म्होरके तुकोजीअण्णा, चिक्कपेटेत शिंपीकाम करणारे, पिढ्यान्‌पिढ्या इथेच रुजलेले मराठी गृहस्थ. दिसलेला प्रत्येक पक्षी ते वहीत टिपत. त्यांच्या वीसेक वह्या दुकानाच्या माळ्यावर वाळवीच्या तोंडी चालल्या होत्या.

एका शाळेने त्या वह्यांसाठी खोली देऊ केली. अट एकच, आमच्या मंडळाची शैक्षणिक धर्मादाय संस्था म्हणून नोंदणी हवी. अण्णा हरखले. पण अर्जात उद्देश म्हणून त्यांनी लिहावं काय, तर ‘पक्षी पाहून आनंद मिळवणे’! नोंदणी कचेरीतून अर्ज परत आला. हा छंद आहे, शिक्षण नव्हे; शिक्षक कोण, अभ्यासक्रम कुठे? मी म्हटलं, अण्णा, स्वल्प जुळवून घ्या, एक अभ्यासक्रम खरडून देऊ. ते भडकलेच. खोटं लिहून मिळालेल्या खोलीत या वह्या कशा ठेवू रे, म्हणाले. मलाही राग आला. या हट्टापायी त्यांची उभ्या आयुष्याची मेहनत मातीत जाणार, या विचाराने जीव तुटत होता.

फेरविचाराच्या सुनावणीला अण्णांनी वह्यांचं गाठोडंच नेलं. अधिकारी निर्विकारपणे पानं उलटत होते, ते एका पानावर थबकले. ‘बदकाचं पिल्लू’ ही नोंद एका रेघेने खोडून खाली ‘टिबुकली’ लिहिलेलं, आणि शेजारी निळा अंगठा. हा कुणाचा? अण्णा ओशाळले. मुनियक्काचा, सार, तळ्याकाठी भाजी विकते. तीन वर्षं मी या पाखराला पिल्लूच समजत होतो. ती हसली, म्हणाली, अण्णा, हे एवढंच असतं, याहून मोठं होत नाही! आमच्यात चूक पुसायची नाही, सार. ज्याने दाखवली त्याने खाली सही करायची. तिला लिहिता येत नाही, म्हणून अंगठा.

अधिकाऱ्यांनी ते पान पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाले, सरी, ठीक आहे, हाच नियम उद्देशात लिहून आणा. माझे डोळे भरून आले. आपलं चुकलं हे चारचौघांत मान्य करता यावं, सांगणाऱ्याची पायरी न पाहता ऐकता यावं, याला शिक्षण नाही तर काय म्हणायचं?

नोंदणी झाली, खोली मिळाली. पहिल्या रविवारी शाळेची मुलं सतरंजीवर बसली आणि अण्णांनी मुनियक्कापुढे खुर्ची सरकवली. ती काही केल्या बसेना. अण्णा म्हणाले, अक्का, शिक्षक कोण म्हणून सरकारने विचारलंय. आता मला खोटं पाडू नकोस. तेव्हा कुठे ती पदर सावरत टेकली, आणि कॉलेज शिकलेला मी निमूटपणे मुलांच्या रांगेत खाली बसलो.