कुंदाबाईच्या गल्लीतले दिवे

कुंदाबाईला एखादी गोष्ट आवडली की ती तिच्या पोटात राहायची नाही. धुळ्याला लेकीकडे, मयुरीकडे, गेली तेव्हा तिनं कॉलनीतले दिवे पाहिले. रस्ता सामसूम झाला की मंद व्हायचे, माणूस आलं की आपोआप लख्ख! दुसऱ्याच दिवशी एसटी धरून ती रावेरकडच्या आपल्या गावी परतली. ग्रामपंचायतीची सदस्य होती ती. ग्रामसभेत तिनं उभं राहून हाच विषय काढला.

"रातभर कोणासाठी जळतात एवढे दिवे? कुत्र्यांसाठी?"

पहिला विरोध केला तो तिच्या नवऱ्यानं, जीवरामनं. "अंधार पडला त चोराचं फावीन."

"अंधार कुठी पडतो? उजेड कमी होतो फक्त. चोर आला त लाइट उलट मोठी होईन, अन् तुम्हाले दिसीन तो!"

सभा हसली. सरपंच म्हणाले, "आधी तुमच्याच गल्लीत लावून पाहू."

दिवे बसले त्या रात्री जेवणं उरकून सारं गाव गल्लीत जमलं. कोणी ओट्यावर, कोणी खाट टाकून. बराच वेळ झाला, दिवे काही मंद होईनात. "कुंदाक्का, फसली तुमची लाइट!" कोणीतरी ओरडलं. तिचा चेहरा उतरला. मग एकदम तिनं कपाळावर हात मारला.

"अरे, तुम्हीच इथी हिंडू ऱ्हायले, त मंद कशी होईन? घरी जा ना सारे!"

हाकलून हाकलून तिनं गल्ली रिकामी केली आणि जीवरामला ओढतच घराच्या धाब्यावर, मातीच्या गच्चीवर, नेलं. खाली शांत झालं. एकेक दिवा मंदावत गेला.

तेवढ्यात केळीची गाडी भरायला निघालेला गल्लीतला लीलाधर वळणावर आला. डोक्यावरचा दिवा भक्कन मोठा झाला. तो दचकला, थांबला, पुढे सरकला. पुढचा दिवा उजळला. मग मजा वाटून तो मागे-पुढेच करू लागला.

"अहो, पाहा ना! पाहा!" कुंदाबाई टाळ्या पिटत ओरडली. तर चहूकडच्या धाब्यांवरून आरोळ्या उठल्या. झोपलं कोणीच नव्हतं!

तिनं तिथूनच मयुरीला फोन लावला.

"काय झालं आई? बाबा बरे आहेत ना?"

"बाबाले काय होतं! आपली लाइट मंद झाली माय!"

पुढच्या सभेत मागच्या गल्लीतल्या बाया सर्वांआधी येऊन बसल्या. दिवे त्यांना आधी हवे होते. पण जीवरामच उठला.

"आधी स्मशानाच्या रस्त्यावर लावा. तिथी रातभर कोणीच हिंडत नाही, अन् लाइट फुकट जळते."

हसण्याचा गलका झाला, आणि ठराव तसाच पास झाला.