हायातेची काच

मोचिझुकी तेइजी यांनी आयुष्यभर आरशांची मेजे घडविली. शिझुओकातल्या एका लहानशा कारखान्यात लाकडावर रंधा मारीत आणि लाखेचे थरावर थर चढवीत त्यांचे वय सरले. निवृत्तीनंतर त्या हातांना जे काम उरले, ते याच शहरातल्या साच्यांतून निघणारी प्लास्टिकची छोटी विमाने जोडण्याचे. शेजारीपाजारी त्याला छंद म्हणत. तेइजी स्वतः त्याला कोणतेच नाव देत नसत. सकाळचा हिरवा चहा झाला की ते खिडकीपाशी बसत आणि जेवणाची हाक आल्याखेरीज उठत नसत.

त्या हिवाळ्यात त्यांच्यासमोर हायाते होते, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळातले लढाऊ विमान, तळहातावर मावेल एवढे केलेले. ते थोरल्या बहिणीसाठी होते. युद्धात शाळकरी मुलींना कारखान्यांत जुंपण्यात आले तेव्हा कियोए पंधरा वर्षांची होती, आणि ती विमानाच्या पंखांवर काम करीत असे, एवढेच घरात सर्वांना ठाऊक होते. त्याविषयी ती पुढे चकार शब्द बोलली नाही. आता तिच्या दोन्ही डोळ्यांतली मधली दृष्टी विझत चालली होती. कडेचे दिसे, समोरचे पुसले जाई. रविवारी मुलगा तिला कायमचे सेन्दाईला नेणार होता, आणि वसंतापर्यंत दृष्टी टिकेल असे डॉक्टरही म्हणत नव्हते. कोवळ्या हातांनी जे तिने घडविले, ते डोळ्यांत प्रकाश आहे तोवर तिला एकदा अखंड दाखवावे, एवढाच तेइजींचा संकल्प होता.

त्यासाठी त्यांनी काहीही उणे ठेवले नव्हते. पंखांवरच्या रिव्हेटांच्या ओळी त्यांनी दातेरी चाकाने एकेक करून उमटविल्या. आधी चंदेरी रंग दिला, त्यावर ओल्या मिठाचे कण पसरले, वर हिरवा रंग फवारला आणि वाळल्यावर मीठ चोळून काढले. तेव्हा उन्हापावसाने पोपडे सुटलेल्या धातूची कांती त्या प्लास्टिकला आली. वैमानिकाच्या कक्षातल्या घड्याळांचे काटे त्यांनी भिंगाखाली एका केसाच्या कुंचल्याने रेखले. राहिली होती ती कक्षावरची पारदर्शक, प्लास्टिकचीच काच. ती पांढऱ्या, संथ गोंदाने बसवायची आणि एक दिवस हात लावायचा नाही, असा त्यांचा नेम.

शुक्रवारी तिसऱ्या प्रहरी पत्नी सादा दाराशी आली.

"अहो, ताईंचा फोन होता. मुलगा उद्याच येतोय गाडी घेऊन. ताई दुपारी इथं येणार, आणि इथूनच निघणार."

"उद्या? रविवारी ना?"

"रस्त्यावर बर्फ पडणार म्हणे, म्हणून उद्या. तुमच्या विमानाला विचारून नाही ठरवलं त्यांनी."

काचेची एक कड केसभर उचलली जात होती. संथ गोंद तिला धरीना. तेव्हा तेइजींनी जे कधी केले नव्हते ते केले: क्षणात चिकटणाऱ्या गोंदाचा थेंब सुईच्या टोकाने कडेला लावला. या गोंदाची वाफ बंद जागेत कोंडली की काचेवर आतून पांढरी साय धरते, हे या कामात नवख्यालाही ठाऊक असते. तेइजींनाही होते. एका थेंबाने काय होणार, असे त्यांनी मनाशी म्हटले. आणि घाईतल्या माणसाला स्वतःचे म्हणणे फार लवकर पटते.

सकाळी काच दुधाळ झाली होती. आतली घड्याळे, पट्टे, दांडा, काहीच दिसत नव्हते. जिची दृष्टी मावळते आहे तिच्यापुढे हे आंधळे विमान ठेवायचे कसे? काच उपटावी तर तडकण्याचे भय. दुसरी जवळ नव्हती, आणि दुकानातून आणावी तर पुन्हा कापण्या-रंगवण्याला वेळ कुठला?

एकच उपाय होता. तो गोंद गोठला की ठिसूळ होतो. त्यांनी विमान डब्यात ठेवून बर्फाच्या कप्प्यात सरकविले.

"मासे बाहेर काढलेत?" सादाने विचारले.

"थोडा वेळ. जागा हवी होती."

"जेवायला काय वाढू मग ताईंना? पंख की शेपटी?"

तेइजी हसले नाहीत. मासे तिने ओट्यावर झाकून ठेवले.

कियोए अपेक्षेपेक्षा लवकर आली. दारातच तिने मान जराशी तिरपी केली. समोरचे पाहायचे तर आता तिला कडेनेच पाहावे लागे.

"तेइ, तोंड असं का तुझं? कोणी गेलं की काय?"

"नाही, ताई. बस. चहा घे."

"चहा नंतर. मुलगा तासाभरात येईल. काय दाखवणार होतास ते दाखव, नाहीतर ते बघायच्या आधीच मला गाडीत भरतील."

आता लपविण्यात अर्थ नव्हता. तेइजींनी डबा काढला, घडले ते सांगितले, आणि तिच्या देखतच पातळ पाते काचेच्या कडेत शिरविले. पाते तसूभर सरकले, अडले. त्यांनी मनगट किंचित वळविले. टक् असा आवाज झाला. सादाने डोळे मिटून घेतले.

काच अखंड निघाली होती. मात्र आतून पांढरीफट्ट.

तेइजींनी दंतमंजनाची मऊ पेस्ट बोळ्यावर घेतली आणि घासू लागले. आतल्या वळणात बोळा अडकला, काच वाकली.

"इकडे दे," कियोए म्हणाली.

"ताई, फार नाजूक आहे. दाबली की गेली."

"हे तू मला सांगतोस? गोल गोल फिरवतोयस बाबा. गोल फिरवलं की चरे पडतात. एका दिशेनं, आणि उचलून परत. सादा, जुना सुती कपडा आहे? खूप धुतलेला?"

सादाने जीर्ण उन्हाळी किमोनोची बाही फाडून दिली. कियोएने ती करंगळीला घट्ट गुंडाळली, पेस्टमध्ये दोन थेंब पाणी घातले, आणि मान वळवून खिडकीबाहेर पाहत घासू लागली. डोळ्यांची तिला गरज नव्हती. बोट काचेच्या वळणावरून जाई, उचलले जाई, पुन्हा जाई.

तेइजी पाहतच राहिले. "ताई, तू तर पंखांवर होतीस ना?"

"कोण म्हणालं?"

"आई म्हणायची."

"आईला मी तसं सांगितलं होतं. पंख म्हटलं की पुढं कोणी विचारत नाही." ती थोडा वेळ घासत राहिली. "शाळेच्या व्यायामशाळेत बसवायचे आम्हाला. नुसत्या काचा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत हेच. तपासनीस रोज एकच गोष्ट सांगायचा. म्हणायचा, तुमच्या हातून राहिलेला एक चरा वर आकाशात वैमानिकाला शत्रूचं विमान वाटतो. आणि एकदा फसला की माणूस पुढं खऱ्या विमानाच्या ठिपक्यालाही चराच समजतो."

सादाने वाटीत आणखी थोडी पेस्ट पिळून ठेवली.

"एक काच माझ्याकडून राहिली. हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला, सगळ्या पळालो. सकाळी आले तर गाडीत भरून गेलेली. चरा होता तिला, इथं, डाव्या बाजूला, नखाएवढा." तिचे बोट थांबले नाही. "मी सांगितलं नाही कोणाला. मार मिळाला असता. नंतर कोणाला सांगायचं, तेच कळेना."

तेइजींनी पेस्टची वाटी तिच्या हाताजवळ सरकविली.

पांढरी साय हळूहळू विरळली. कियोएने काच पाण्यात बुडविली, फुंकरीने थेंब उडविले आणि उजेडाकडे धरून मान तिरपी केली. मग बोटाच्या पेराने आतून चाचपून पाहिली, डावीकडे दोनदा.

"झाली. आता तुझं विमान आण."

तेइजींनी ते तिच्या डोळ्यांच्या कडेला धरले. ती बराच वेळ पाहत राहिली.

"घड्याळं आहेत. काटेसुद्धा?"

"काटेसुद्धा."

"आणि माणूस? तुम्ही लोक आत एक बाहुला बसवता ना?"

"बसवतात काही जण. मी नाही बसवला."

"कोणी नाही आत?"

"नाही ताई. जागा रिकामी आहे."

तिच्या खांद्यांतला ताठा तेवढा उतरला. "बरं केलंस," ती म्हणाली.

काच पुन्हा बसविण्यात आली, या वेळी संथ, पांढऱ्या गोंदाने. ती कड पुन्हा केसभर उचलू लागली. तेइजींनी चिमटा घ्यावा तोच कियोएने तिथे बोट टेकविले. गोंद धरेपर्यंत कोणीतरी दाबून बसायलाच हवे होते.

बाहेर गाडीचा कर्णा वाजला. थोड्या वेळाने पुन्हा वाजला.

"जाऊन सांगू का, येताय म्हणून?" सादाने विचारले.

"आत बोलाव त्याला. मासे करून वाढ," कियोए म्हणाली, आणि बोट तिने हलविले नाही.