नव्वद अंशांचा माल

चन्नप्पाचं काम डांबराचं तापमान मोजायचं. गाडी आली की मालात थर्मामीटर खुपसायचा आणि आकडा वहीत लिहायचा. पूर्वी जिल्ह्यात छोटे ठेकेदार बरेच होते. एकानं कामावरून काढलं तर दुसरा ठेवून घ्यायचा. मग टेंडरात अट आली, डांबर-खडी मिसळायचा स्वतःचा मोठा प्लांट हवा. रस्ते चांगले व्हावेत म्हणूनच आली. छोट्यांना ती झेपली नाही, आणि एकच कंपनी उरली. तिचा प्लांट पाथरीच्या पलीकडे. येलदरीच्या रस्त्यावर माल यायला अडीच तास लागायचे.

त्या दिवशी गार वारं सुटलं होतं. तिसऱ्या गाडीतून वाफच निघेना. काटा नव्वदवर थांबला. नियमानं इतका गार माल परत पाठवायचा.

सुपरवायझर दत्तराव जवळ आला. "एकशे चाळीस लिवा, मामा."

"नव्वद हाय. हा माल रोलरखाली दबनार न्हाई."

"ही कंपनी सोडून कुठं जाताव? हाय का दुसरं कुनी?"

चन्नप्पानं काटा पुन्हा पाहिला. वय अठ्ठावन्न, दुसरं काम येत नव्हतं. पण त्याची मुलगी शिवानी शिक्षिका होती, रोज याच रस्त्यावरून स्कूटीनं शाळेला जायची. खडी उखडली की चाक कसं घसरतं, ते त्यानं पाहिलं होतं. त्यानं नव्वद लिहिलं. दत्तरावानं तरी माल पसरवला.

पुढचे आठ दिवस फोन वाजला की चन्नप्पा ताटावरून उठून बाहेर जायचा.

"काय झालंय तुमाला?" गंगम्मानं विचारलं.

त्यानं बायकोला सगळं सांगितलं. ती मग म्हणाली, "पोरीला त्या रस्त्यानं जाऊ नगं म्हनते. पन बाकीच्याला कोन सांगंल?"

नवव्या दिवशी सरकारी अभियंता आला. वही पाहून त्यानं नव्वदचा माल पडला होता नेमकं तिथंच यंत्रानं रस्त्याचा तुकडा कापून काढला. तो त्याच्या हातातच भुगा झाला.

"हा आकडा कुणी लिहिला?"

दत्तराव टक लावून बघत होता. चन्नप्पा पुढं झाला. "मी, साहेब."

दोनशे मीटर रस्ता उखडून पुन्हा करावा लागला. अभियंत्यासमोर नाव आल्यामुळे कंपनीनं चन्नप्पाला काढलं नाही. प्लांटच्या फाटकावर बसवलं. थर्मामीटर दुसऱ्याकडे गेला, आणि त्या वहीत आता काय लिहितात ते त्याला कळत नाही. दत्तराव येता-जाता थांबून त्याच्याकडे बघतो. तरीही येलदरीला जाणारी गाडी आली की चन्नप्पा उठतो आणि माल वाटेत गार होऊ नये म्हणून ड्रायव्हरनं ताडपत्री घट्ट बांधल्याशिवाय फाटक उघडत नाही.