बोटीवर घालायचा गाऊन

"पाठ एवढी उघडी? लोकं काय म्हनतील?" विजयाची आई खुर्चीतून अर्धी उठली.

"आई, ते लोक समुद्रात असणारेत. सोलापुरात नाही," विजया म्हणाली.

मी गळ्यात टेप अडकवून मधे उभी होते. गळा, बाही, उंची यावरून मायलेकींची भांडणं माझ्या दुकानात रोजची. पण गाऊनवरून ही पहिलीच. एकोणीसशे सत्तरनंतरची ही गोष्ट. तेव्हा सोलापुरात गाऊन म्हटलं की लोकांना कोर्टातले वकील आठवायचे.

नवी पेठेजवळ माझं लेडीज टेलरिंगचं छोटं दुकान होतं. लग्नाआधी मुंबईला मावशीकडे राहून मी फोर्टातल्या एका दुकानात काम शिकले होते. तिथे पारशी आणि ख्रिश्चन बायका पार्टीचे लांब झगे शिवून घ्यायच्या. त्यामुळे मला गाऊन कापता येत होता. विजयाला हे ठाऊक होतं, कारण ती माझ्या शिवणक्लासला यायची. आता ती एका मिलच्या ऑफिसात टायपिस्ट होती. सत्ताविशी गाठलेली. वडील रेल्वेत गार्ड, नोकरीमुळे कुर्डुवाडीला राहायचे, आणि मुलीच्या लग्नाचं नाव निघालं की ते अर्ध्या जेवणावरून उठायचे, असं तिची आईच सांगायची.

अखेर जमलं होतं. मुलगा अक्कलकोटचा, नाव प्रभाकर. परदेशी कंपनीच्या प्रवासी बोटीवर इंजिनिअर. बोलणी त्याच्या मामानं केली. बैठकीत मामानं हेही सांगितलं की बोटीवरच्या ऑफिसरला एका सफरीत बायकोला बरोबर नेता येतं. झालं. साखरपुडा होताच विजयाचा पहिला प्रश्न: बोटीवर बायका घालतात काय?

त्या दिवशी प्रभाकर दुकानात आला होता तो याच प्रश्नाचं उत्तर द्यायला. गोरटेला, बारीक, केस चापून बसवलेले. बोलायला अदबशीर.

"दिवसा काहीही चालतं," तो म्हणाला. "पण सफरीत काही संध्याकाळी फॉर्मल डिनर असतं. म्हणजे ठरवून नटायचं जेवण. पुरुषांना काळा सूट नाहीतर पांढरा कोट. बायकांना लांब गाऊन, पायघोळ. गुडघ्यापर्यंतचा फ्रॉक असेल तर दारातून परत पाठवत नाहीत, पण सगळ्या बघतात."

"आन् साडी चालत न्हाय व्हय?" आईनं विचारलं.

"चालते की! रेशमी साडी एकदम फॉर्मल धरतात. उलट गोऱ्या बायका वळून वळून बघतात. सुती मात्र नको."

"मग बघ," आई म्हणाली. "पैठणी ने. गाऊन कशाला?"

"पैठणी नेईनच," विजया म्हणाली. "पण गाऊन एक हवाच. सोलापुरात मला तो कोण घालू देणारे?"

"नकोच गाऊन, साडीच बरी," असं प्रभाकरनं हळूच दोनदा सुचवलं होतं. तेव्हा मला वाटलं, नवरेपणा आत्तापासून सुरू झाला.

मी वही काढली आणि त्याला बारकावे विचारायला लागले. इथे मला पहिल्यांदा खटकलं. या माणसाला फार माहीत होतं.

"उंची बुटाच्या टोकापर्यंतच ठेवा," तो म्हणाला. "जमिनीला टेकला तर खुर्ची सरकवताना पायाखाली येतो. पाठीला बटणं नकोत. खुर्चीच्या नक्षीत अडकतात. मागून चेन बरी, पण चेनच्या वरचा हूक दोनदा टाका. तोच सुटतो. आणि बाही कोपराखाली सैल नको. सूपमध्ये बुडते."

"शाल?" मी विचारलं.

"हवीच. डायनिंग सलून थंडगार असतं. पण ती खांद्यावरून मागे घसरते, मग उचलून द्यावी लागते."

मी लिहून घेतलं. तीस वर्षं मी बायकांचे कपडे शिवले. एवढ्या वर्षांत कुठल्याही पुरुषाला, अगदी हौशी नवऱ्यालासुद्धा, हूक कुठला सुटतो हे सांगता आलं नाही. पुरुष म्हणतात, "छान दिसतंय," नाहीतर "किती वेळ लागेल?" आणि हा मशिनमधला माणूस हुकाबद्दल बोलत होता.

मी सहज विचारलं, "आणि पुढचा गळा? बसल्यावर कसा दिसतो? चौकोनी बरा की गोल?"

"पुढचं... तसं लक्षात नाही," तो म्हणाला.

प्रभाकर आणि आई गेल्यावर विजया कापडाची पिशवी ठेवायला मागे थांबली. मी तिला काही बोलले नाही. माझ्या धंद्याचा एक नियम होता. गिऱ्हाइकाच्या अंगाचं माप घ्यायचं, घराचं नाही. पण रात्रभर डोक्यात तेच. पाठीची चेन, सुटणारा हूक, घसरणारी शाल. बाईला पाठमोरी एवढ्या जवळून कोण बघतं? जो हूक लावतो तो. माझ्या मनात चित्र तयार झालं. बोटीवर याची कुणीतरी आहे. कदाचित लग्नाचीच. विजयाला नेणार बोटीवर, आणि तिथे तिच्यापुढे काय येणार?

दुसऱ्या दिवसापासून मी मिळेल त्या गोष्टीवरून संशय घ्यायला लागले. हा सुट्टी संपायच्या आत लग्न उरकायची घाई का करतो? बोलणी मामानं का केली? अक्कलकोटला याचे आईवडील आहेत, ते का पुढे नाहीत? गाऊन नको म्हणतो, का? दुसरीकडे तसाच गाऊन आहे म्हणून?

आठवड्यानं विजया कच्ची शिलाई बघायला आली. कच्ची शिलाई म्हणजे लांब टाके घालून कपडा नुसता उभा करायचा. अंगावर बसला तर पक्का करायचा, नाही तर उसवायचा. गडद निळं साटीन होतं. मी टाचण्या लावत होते आणि शेवटी राहवलं नाही.

"विजया, प्रभाकर बोटीवर नक्की काय करतात गं?"

"इंजिनिअर आहेत की."

"ते माहीताय. म्हणजे रोजचं काम काय?"

तिनं आरशातून माझ्याकडे बघितलं. "ताई, तुम्हाला काय म्हणायचंय?"

मी माझी सगळी शंका सांगितली. हूक, पाठ, सगळं. मला वाटलं, रडेल नाहीतर चिडेल. तिनं दोन्हीपैकी काही केलं नाही.

"मलापण काहीतरी वाटतंय," ती म्हणाली. "आमच्या मिलमधले फिटर आहेत ना, कुठलाही विषय काढा, दोन वाक्यांत मशिनवर येतात. बायकोच्या बाळंतपणाबद्दल बोलतानासुद्धा बेअरिंग काढतात. हे कधीच मशिनवर येत नाहीत. मी विचारलं तर म्हणतात, सुट्टीत कामाचं नको."

"मग विचार ना सरळ."

"काय विचारू? तुमची दुसरी बायको आहे का, असं? वडील तिकडे हॉल बघतायत."

आम्ही ठरवलं, ट्रायलला प्रभाकरला बोलवायचं आणि बोलतं करायचं. कसं, ते दोघींनाही माहीत नव्हतं.

ट्रायलच्या दिवशी तो आला. आईही आली होती. विजया पडद्यामागून गाऊन घालून बाहेर आली. स्वतःच्या कामाचं कौतुक करू नये, पण गाऊन फार सुरेख बसला होता. आईसुद्धा बघत राहिली. "पाठ जरा झाका की," एवढंच म्हणाली, पण आवाजात दम नव्हता.

लांब कपड्याची एक गोष्ट असते. उभं राहिल्यावर सरळ पडतो तो बसल्यावर पोटाशी गोळा होतो. म्हणून मी कापायच्या टेबलाला एक खुर्ची लावली आणि म्हटलं, "विजया, जेवायला बसल्यासारखी बस बघू."

ती खुर्चीकडे गेली. आणि मग जे झालं ते डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं.

प्रभाकर तिच्या मागे गेला. दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ धरून त्यानं ती मागे घेतली. विजया बसायला वाकली तशी खुर्ची गुडघ्यानं अलगद पुढे सरकवली. त्याच वेळी बुटाच्या कडेनं गाऊनचा घेर खुर्चीच्या पायापासून बाजूला केला. घेर चुरगळला नाही, खुर्ची वाजली नाही. मग तो तिच्या डाव्या खांद्यामागे एक पाऊल मागे सरकला, डावा हात पाठीमागे घेतला आणि किंचित वाकून उभा राहिला.

विजयाची आई खूष. "बगा, किती मान देत्यात बायकांना! आपल्यातलं असं कोन करतंय?"

विजयानं मान वळवली. आधी त्याच्या उभं राहण्याकडे बघितलं, मग त्याच्या पाठीमागे गेलेल्या हाताकडे.

"बसा की तुम्ही पण," ती म्हणाली. समोर दुसरी खुर्ची होती.

तो बसला नाही. हात मात्र झटकन पुढे आणला. तोंड पांढरं पडलं होतं. आपण काय केलं हे त्याला आमच्याइतकंच आत्ता कळलं होतं.

माझ्या डोक्यात सगळं एकदम उलटंपालटं झालं. पाठ, हूक, शाल, सूपमध्ये बुडणारी बाही. हे सगळं हूक लावणाऱ्याला दिसत नव्हतं. खुर्चीमागे उभं राहणाऱ्याला दिसत होतं. आणि म्हणूनच त्यानं कुठल्याच बाईचा पुढचा गळा बघितलेला नव्हता.

"तुम्ही बोटीवर वाढता का?" विजयानं विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"हो," तो म्हणाला. "डायनिंग सलूनमध्ये स्ट्यूअर्ड आहे."

"म्हंजी?" आईनं माझ्याकडे बघितलं.

"साहेब लोकांना टेबलावर जेवण वाढायचं काम," तोच म्हणाला. "इंजिनिअर मामा म्हणाला. मी तिथेच बोलायला हवं होतं. तुमचे वडील एवढे आनंदले, मला तोंड उघडवेना. वाटलं, नंतर सांगू. मग बोटीवर न्यायचं निघालं, मग गाऊन निघाला. स्ट्यूअर्डला बायको नाही नेता येत. लग्नानंतर म्हणणार होतो, परवानगी नाही मिळाली."

"म्हणून साडीच बरी, साडीच बरी चाललं होतं," विजया म्हणाली.

"साडी इथे तरी नेसता आली असती."

आईला हुंदका आला. "आता लोकांस्नी काय सांगायचं? हॉल ठरवलाय की!"

"आई, थांब जरा," विजया म्हणाली. मग त्याच्याकडे वळली. "वाढण्यात मला काही कमीपणा वाटत नाही. मीपण दिवसभर दुसऱ्यांचीच पत्रं टाइप करते. पण साखरपुड्यापासून तुम्ही आमच्या घरी जेवताय, आणि रोज खोटं खाताय. मामाचं खोटं एकदाचं होतं. तुमचं रोजचं होतं."

विजया खुर्चीतून उठली.

"कुर्डुवाडीला जा आणि वडिलांना स्वतः सांगा. मामाला नेऊ नका. मी आधी कळवणार नाही. ते काय म्हणतील ते ऐकून घ्या. मग माझं मी सांगीन."

तो गेला. तो कुर्डुवाडीला जाईल यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. मी विजयाच्या आईला स्पष्ट म्हटलं, "हा आता मुंबईची गाडी धरणार. परत दिसायचा नाही."

तो कुर्डुवाडीलाच गेला. गार्डसाहेब, म्हणजे विजयाचे वडील, ड्यूटीवरून येईपर्यंत ओट्यावर थांबला. त्यांनी त्याला दारात उभं करून सगळं ऐकलं आणि बस म्हटलं नाही. उभं राहायची त्याला सवय होती. ऐकून त्यांनी दार लावून घेतलं. लग्न मोडलं, हॉल सोडला. सुट्टी संपली आणि प्रभाकर बोटीवर गेला.

आता संपलं, असं मी धरून चालले. विजया गाऊन न्यायला आली तेव्हा मी म्हटलंसुद्धा, "उसवून दोन ब्लाउज काढून देऊ का?"

"नको. मापानं शिवलाय ना माझ्या? राहू दे."

पुढच्या सुट्टीत तो परत आला. या वेळी स्वतःच्या वडिलांना बरोबर घेऊन, आणि कामाचं खरं नाव सांगून. गार्डसाहेब पुन्हा नाही म्हणाले. विजया हो म्हणाली. मी तिला विचारलं, कशी तयार झालीस? ती म्हणाली, "कुर्डुवाडीला एकटा गेला म्हणून. नसता गेला तर नसते झाले." अक्कलकोटला मोजक्या माणसांत लग्न झालं. तिचे वडील आले, पण जेवले नाहीत. जावयाच्या हातचं जेवायला त्यांना पुढे बरीच वर्षं लागली. विजया बोटीवर कधीच गेली नाही.

मला विचाराल तर माझा संशय खरा होता आणि आरोप साफ खोटा. माणूस लपवत होता हे मी बरोबर ओळखलं आणि काय लपवतोय ते मनानं रचलं. त्यानंतर मी धंद्यात दोन गोष्टी पाळल्या. शंका आली तर ती विचारायची, उत्तर आपणच शिवून टाकायचं नाही. आणि लांब कपड्याची ट्रायल उभ्यानं कधी संपवायची नाही. गिऱ्हाइकाला बसवून बघायचं.